इशाऱ्याची अनवस्था : कर्नेलच्या दोषशोधन-लेखनातील स्वसंदर्भाचा विचार

गोदाकाठचे पुणतांबे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. चांगदेवांच्या नावाशी निगडित असलेली कोऱ्या पत्राची कथा आपल्याकडे सर्वश्रुत असली, तरी तिच्यातील भाषाविषयक अडचणीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. चांगदेवांना ज्ञानदेवांस पत्र लिहावयाचे होते. परंतु मायना काय घालावा हेच ठरेना. वयाने ज्ञानदेव धाकटे, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर अधिकाराने ते थोर. नमस्कार लिहावा, तर वयाचा विपर्यास होतो. अखेर कागद कोराच गेला. चौदाशे वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असे मुक्ताबाई त्यावर म्हणाल्याचे परंपरा सांगते. आणि निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला जे उत्तर दिले, तेच ‘चांगदेव पासष्टी’ होय.

ही कथा ऐतिहासिक आहे किंवा नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. अडचणीची रचना मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. पत्राने जो संबंध जोडावयाचा, तो संबंध पत्राच्या पहिल्या शब्दालाच आधी ठाऊक हवा. पत्रावाचून संबंध नाही आणि संबंधावाचून पत्र नाही. नैयायिकांनी या दोषाला ‘अन्योन्याश्रय’ असे नाव दिले आहे. त्याच्या जोडीला त्यांनी आणखी तीन दोष सांगितले आहेत : एखादी गोष्ट स्वतःवरच अवलंबून असेल तर ‘आत्माश्रय’, तीन किंवा अधिक गोष्टी फेर धरून परस्परांवर टेकल्या असतील तर ‘चक्रक’, आणि आधाराला आधार शोधता शोधता कोठेच थांबता येत नसेल तर ‘अनवस्था’. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या सर्वांपासून दूरचा आहे. संगणकाच्या चालक-प्रणालीचा जो गाभा, म्हणजे कर्नेल, त्यातील दोषशोधक लेखन स्वतःच्याच इशाऱ्यात कसे अडकते आणि ते अडकू नये म्हणून कोणते उपाय योजले गेले, हा तो विषय होय. परंतु उपरोक्त चारही दोष तेथे नावानिशी सापडतात, आणि भाषेच्या अभ्यासकास त्यांबद्दल काही म्हणण्याचा अधिकार पोहोचतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१

कर्नेल हा संगणकाच्या यंत्रसामग्रीचा आणि तिच्यावर चालणाऱ्या सर्व कार्यक्रमांचा मध्यस्थ असतो. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा कर्नेल सर्वांस वाचावयास खुला असल्यामुळे येथील सर्व उदाहरणे त्यातील आहेत. कर्नेलला काही सांगावयाचे झाल्यास तो ‘प्रिंट-के’ या क्रियेच्या द्वारा आपला मजकूर एका नोंदवहीत लिहितो. या मजकुराच्या निकडीच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत. जे घडू नये असे लेखकाने गृहीत धरले होते ते घडल्याचे आढळल्यास ‘वॉर्न’ नावाची क्रिया इशारा देते : कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वाटेने येथवर आलो, याची हकीकत ती लिहिते आणि काम पुढे चालू ठेवते. मराठीत ‘सूचना’, ‘ताकीद’ आणि ‘इशारा’ हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु सूचनेत माहिती असते, ताकिदीत अधिकार असतो आणि इशाऱ्यात संभाव्य अनर्थाची जाणीव असते. म्हणून येथे ‘इशारा’ हाच शब्द योजला आहे.

इशारा देणे हेही एक काम आहे, आणि ते करणारा कर्नेलच असतो. नोंदवहीत लिहावयाचे तर पूर्वी तिचे कुलूप घ्यावे लागे. पडद्यावर उमटवावयाचे तर पडद्याच्या चालकाकडे जावे लागते. आलेल्या वाटेची हकीकत सांगावयाची तर स्मृतीतील नोंदी उलगडाव्या लागतात. या प्रत्येक पायरीवर दुसरे एखादे गृहीतक मोडू शकते, किंवा ज्याच्याबद्दल इशारा चालू आहे तेच गृहीतक पुन्हा मोडलेले आढळू शकते. तसे झाल्यास इशाऱ्याच्या पोटात इशारा उत्पन्न होतो, त्याच्या पोटात तिसरा, आणि त्याला अंत राहत नाही.

भाषेला मात्र अंत नसणे परवडते. वाक्याच्या पोटात वाक्य घालण्याची शक्ती हा मानवी भाषेचा दोष नसून वैभव आहे. चॉम्स्की यांनी १९५७ नंतर या शक्तीलाच व्याकरणविचाराच्या केंद्रस्थानी आणले. तथापि भाषेतील वाक्य-वाक्य अशी रचना बोलणारा कोठेतरी थांबवतोच. कर्नेलमधील इशाऱ्याला थांबविणारा कोणी नसतो. प्रत्येक आवाहनाची आठवण ठेवण्यासाठी जी स्मृती राखून ठेवलेली असते, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. मडक्यांच्या उतरंडीप्रमाणे एकावर एक नोंद चढत जाते आणि वरून खाली उतरत येते. ‘उतरंड’ हा आपला घरगुती शब्द तिला चपखल बसतो. आजच्या चौसष्ट-बिटी इंटेल धाटणीच्या यंत्रावर लिनक्समध्ये या उतरंडीला अवघी सोळा किलोबाइट जागा मिळते. इशाऱ्यावर इशारा चढत गेला की उतरंड कोसळते आणि यंत्र बंद पडते. मूळ दोष किरकोळ असेल; यंत्र बंद पडते ते त्या दोषाबद्दल बोलण्यामुळे.

२

या अनर्थाचे एक लहानसे परंतु उद्बोधक उदाहरण २०१६ सालचे आहे. एकच इशारा हजार वेळा उमटून नोंदवही भरू नये, म्हणून ‘वॉर्न ऑन वन्स’ नावाची एक रचना कर्नेलमध्ये आहे. तिच्याजवळ एक खूण असते, आणि त्या खुणेचे इंग्रजी नाव कर्मणि भूतकालवाचक आहे : ‘वॉर्न्ड’, म्हणजे ‘इशारा दिला’. पूर्वीच्या रचनेत खूण नसल्याचे पाहून आधी इशारा दिला जाई आणि तो देऊन झाल्यावर खूण केली जाई. हा क्रम कोणाही सरळ मनुष्याला योग्यच वाटेल : काम करावे, मग केल्याची नोंद करावी. स्टीव्हन रॉस्टेड्ट या कर्नेल-लेखकास मात्र असा अनुभव आला की, यंत्र एकाएकी स्तब्ध होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शोध घेता कारण सापडले. इशारा देत असताना तीच अट पुन्हा मोडली जाई. खूण अजून झालेली नसल्यामुळे पुन्हा इशारा. त्यात पुन्हा तेच. एकदाच बोलण्याची प्रतिज्ञा केलेली रचना अनंत वेळा बोलू पाहत होती. रॉस्टेड्ट यांनी दोन विधानांचा क्रम बदलला : आधी खूण, मग इशारा. दुरुस्ती एवढीच.

या दुरुस्तीचे मर्म व्याकरणाचे आहे. ‘इशारा दिला’ असे जेव्हा आता लिहिले जाते, तेव्हा इशारा दिलेला नसतो. काटेकोर अर्थाने ते विधान असत्य आहे. परंतु मराठी बोलणाऱ्यास या असत्याचे नवल वाटू नये. अंगणातून कोणी हाका मारीत असता घरातला मनुष्य ‘आलो!’ असे ओरडतो. तो आलेला नसतो. कित्येकदा उठलेलाही नसतो. आपल्या व्याकरणकारांनी भूतकाळाच्या या उपयोगाची नोंद केली आहे. निकट भविष्यकाळाची निश्चिती दाखविण्यासाठी भूतकाळ येतो, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. माझ्या मते ते अपुरे आहे. ‘येतो’ असे म्हणूनही निश्चिती दाखविता येते. ‘आलो’ या रूपाचे विशेष कार्य असे की, ते पुढची हाक थांबविते. क्रिया पुरी झाल्याचे जाहीर केल्यामुळे ती क्रिया मागण्याचे प्रयोजनच उरत नाही. रॉस्टेड्ट यांच्या दुरुस्तीतील खूण हेच कार्य करते : ती घटनेचे वर्णन करीत नाही, पुढच्या मागणीचे निवारण करते. वर्णन म्हणून असत्य असलेले विधान निवारण म्हणून यथार्थ असू शकते.

३

एकाच नियमाने स्वतःच्या फलावर पुन्हा पुन्हा चालून जाऊ नये, ही चिंता भारतीय व्याकरणास फार पूर्वीपासून आहे. ‘सुधी’ आणि ‘उपास्य’ यांचा संधी होताना ईकाराचा यकार होतो. त्यानंतर उकारापुढच्या धकाराचे विकल्पाने द्वित्व होते आणि अखेर ‘सुद्ध्युपास्य’ हे रूप सिद्ध होते. परंतु द्वित्व झाल्यावर पहिला धकार पुन्हा स्वरानंतर आणि व्यंजनापूर्वीच उभा असतो, म्हणजे द्वित्वाच्या नियमाची अट पुन्हा पुरी होते. नियमाला मोकळे सोडले, तर धकारांची रांग संपणार नाही. वैयाकरणांनी येथे एक परिभाषा लावली आहे. तिचा आशय असा की, एका लक्ष्यावर एक लक्षण एकदाच प्रवृत्त होते. ‘वॉर्न ऑन वन्स’ची मूळ प्रतिज्ञा याहून निराळी नाही. अशा परिभाषांचा सांगोपांग विचार करणारा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ काशीस राहिलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताचा आहे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक असताना सिद्ध केले, ही गोष्ट येथे सहज आठवते.

परंतु साम्य दाखवून थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे. व्याकरणातील लक्ष्य एकच, ठरलेले आणि अचल असते. ‘सुध्युपास्य’ उद्या वेगळ्या कारणाने बिघडत नाही. कर्नेलमधील अट मात्र आज एका कारणाने मोडेल, उद्या दुसऱ्या. म्हणूनच ‘एकदाच’ या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी दोन प्रकारचा होतो, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप येथून सुरू होतो.

४

इशारा चालू असतानाच त्याच्या पोटात उठणारा इशारा आणि इशारा संपून गेल्यावर दुसऱ्या प्रसंगी उठणारा इशारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीस अनवस्था म्हणावे आणि दुसरीस आवृत्ती. अनवस्था यंत्र पाडते. आवृत्ती फार तर नोंदवही भरते. अनवस्थेतील दुसऱ्या इशाऱ्यात नवी माहिती बहुधा नसते. आवृत्तीतील दुसऱ्या इशाऱ्यात ती असू शकते. ‘वॉर्न ऑन वन्स’ची एकच खूण या दोहोंचे निवारण करते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तिच्यात क्रियेच्या दोन अवस्था एकवटल्या आहेत. अनवस्था रोखण्यासाठी ‘इशारा देत आहे’ ही अपूर्ण अवस्था कळणे पुरेसे असते. आवृत्ती रोखण्यासाठी ‘इशारा दिला आहे’ ही पूर्ण अवस्था कळावी लागते. जुनी रचना पूर्ण अवस्थेची खूण पूर्णतेनंतर करीत होती, म्हणून ती आवृत्तीपुरती बरोबर आणि अनवस्थेपुरती चूक होती. नवी रचना पूर्णतेची खूण आरंभीच करून अपूर्णतेचेही काम तिच्याकडून करवून घेते. युक्ती सुबक आहे. परंतु एका रूपावर दोन अर्थांचा भार टाकला, की त्यांतला एक अर्थ केव्हातरी दगा देतो. इशारा देताना मध्येच काही बिघडून मजकूर उमटला नाही, तरी खूण ‘दिला’ असेच म्हणत राहते. ‘आलो’ म्हणणारा आलाच नाही आणि हाक मारणारा मात्र समाधानाने परतला, असा हा प्रकार होय.

दोन्ही अवस्था वेगळ्या ठेवणारी रचना अशक्य नाही, हे त्याच कर्नेलमधील ‘लॉकडेप’ या उपकरणावरून दिसते. इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान दे व्हेन यांचे हे उपकरण २००६ साली लिनक्समध्ये आले. कुलपे कोणत्या क्रमाने घेतली जातात याची ते नोंद ठेवते. एका ठिकाणी आधी पहिले मग दुसरे आणि अन्यत्र आधी दुसरे मग पहिले असा क्रम आढळला, तर प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही ते इशारा देते. हा अन्योन्याश्रयाचा शोध आहे. फेरा लांब असल्यास तो चक्रकाचा होतो, आणि हातात असलेलेच कुलूप पुन्हा मागितल्यास आत्माश्रयाचा. नैयायिकांची दोषमाला येथे यंत्राच्या कामाला लागली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु कुलपांची नोंद ठेवणाऱ्या या उपकरणालाही स्वतःच्या वहीसाठी कुलूप लागते. त्या कुलपाची नोंद ठेवू गेल्यास अनवस्था अटळ आहे. ‘पासष्टी’त मिठाचा दृष्टांत येतो : पाण्याची खोली पाहावयास मीठ आत शिरले आणि पाहणारेच उरले नाही. लॉकडेपने हा विलय दोन प्रकारांनी टाळला आहे. एक, स्वतःसाठी ते ज्यांवर स्वतःची नजर नाही अशी अगदी तळाची कुलपे वापरते. दोन, आपण सध्या आपल्याच कामात आहोत याचा अंक ते वेगळा ठेवते. ही अपूर्ण अवस्थेची खूण होय. आणि पहिला दोष सापडताच ते स्वतःस संपूर्ण बंद करते. ही पूर्ण अवस्थेची खूण होय. दुसरी खूण बदलताना जुने मूल्य वाचणे आणि नवे लिहिणे ही एकाच अविभाज्य क्रियेने होतात. त्यामुळे अनेक प्रोसेसर एकाच क्षणी दोष पाहते झाले, तरी बोलण्याचा मान एकालाच मिळतो. ‘वॉर्न ऑन वन्स’च्या उपर्युक्त रचनेत एवढा काटेकोरपणा नव्हता, दोन प्रोसेसर एकदम आले, तर दोघेही बोलू शकत.

येथे ‘वॉर्न ऑन वन्स’च्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती रचना कर्नेलमध्ये असंख्य ठिकाणी पेरलेली आहे. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक प्रोसेसरची अपूर्ण अवस्था वेगळी नोंदविणे महागात पडेल, आणि त्या नोंदणीच्या यंत्रणेतच नवे दोष उत्पन्न होतील. लहान जागी साधा उपाय हाच शहाणपणाचा असतो. माझा आक्षेप उपायावर नाही. त्या एका खुणेत काय काय सामावले आहे याचा वाचकाला विसर पडतो, यावर आहे.

अनवस्था आणि आवृत्ती यांतील भेद कार्य-मागोवा घेणाऱ्या ‘एफट्रेस’ या उपकरणात अधिक सूक्ष्मपणे पाळला आहे. तेथे नेहमीचे काम, सौम्य व्यत्यय, यंत्राकडून येणारा व्यत्यय आणि अडविता न येणारा व्यत्यय अशा चार पातळ्यांसाठी चार खुणा आहेत. एका पातळीवर मागोवा चालू असता वरच्या पातळीचा व्यत्यय आला, तर त्याचा मागोवा घेणे रास्तच आहे. त्याच पातळीवर पुन्हा तेच आवाहन आले, तर ते आपलेच होय असे समजून सोडून दिले जाते. आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी आणि दुसऱ्याचा आवाज यांत फरक करण्याची ही व्यवस्था आहे.

‘प्रिंट-के’चा इतिहास तिसऱ्या धोरणाचा आहे. पूर्वी त्याला आपलेच आवाहन आपल्या पोटात आढळले, तर नुकतीच अशी पुनरावृत्ती झाल्याची एक ओळ तो नंतर लिहीत असे. २०१७ साली अशा वेळचा मजकूर प्रत्येक प्रोसेसरच्या वेगळ्या साठ्यात तात्पुरता ठेवण्याची सोय झाली. २०२० साली जॉन ऑग्नेस यांनी तयार केलेली, कुलपाची गरज नसलेली नोंदवही आली आणि आत्माश्रयाचे एक मूळ कारणच नाहीसे झाले. त्यानंतर २०२१ साली ते साठे काढून टाकण्यात आले आणि पोटातील आवाहनांस तीनची मर्यादा घालण्यात आली. येथे अनवस्था नाकारलेली नाही, मोजली आहे. तीनपर्यंत ऐकावे, पुढे ऐकू नये, हा व्यवहारी न्याय होय. कारण इशाऱ्याच्या पोटातील पहिला इशारा कधीकधी खरोखरच नवे काही सांगत असतो.

५

आता कोऱ्या कागदाकडे परत येणे प्राप्त आहे. या सर्व उपायांचे अंतिम फल एकच : मौन. अनवस्था टाळावयाची तर कोणीतरी कोठेतरी गप्प बसले पाहिजे. परंतु नोंदवही वाचणाऱ्यास तिच्यातील कोरी जागा दिसते, तेव्हा तिचा अर्थ काय घ्यावा? सांगण्याजोगे काही घडले नाही, की घडले पण सांगता आले नाही? चांगदेवांचा कागद दुसऱ्या प्रकारचा होता. मुक्ताबाईंनी तो पहिल्या प्रकाराने वाचला, आणि ज्ञानदेवांनी त्यामागची अडचण ओळखून उत्तर दिले. प्रत्येक कोऱ्या कागदाला असा वाचक लाभत नाही.

प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. काही ठिकाणी कर्नेल अशा रीतीने चालविला जातो की, पहिला इशारा आला की यंत्र बंद करावे. ही सोय करणाऱ्यांनाही अनवस्थेचा विचार करावा लागला : बंद होण्याच्या वाटेवर आणखी एक इशारा उठला तर? म्हणून यंत्र बंद करणारी क्रिया आरंभीच ‘इशाऱ्यावर बंद पडावे’ हा आपला नियम रद्द करते. तेथे इशारा म्हणजे निकाल असतो. म्हणूनच तेथे इशारा नसणे हाही निकाल समजला जातो, आणि मौनाचा चुकीचा अर्थ घेण्याची किंमत मोठी होते. लॉकडेप पहिल्या दोषानंतर मिटते. त्यानंतर घडलेला दुसरा, कदाचित अधिक गंभीर दोष त्या मौनात दडून राहतो. विद्यार्थी अहवाल वाचतो, पहिला दोष काढतो आणि यापुढे शांतता म्हणजे निर्दोषता असे समजतो. ती शांतता पुन्हा यंत्र सुरू करून तपासली पाहिजे, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते.

म्हणून स्वसंदर्भाच्या कोणत्याही निवारणाचे मूल्यमापन करताना, ते किती लवकर गप्प बसते यापेक्षा, आपण का गप्प आहोत हे ते कोठे लिहून ठेवते, ही कसोटी लावावी असे माझे मत आहे. या कसोटीवर वरील उपाय वेगवेगळे उतरतात. लॉकडेप बंद झाल्याचे त्याच्या आकडेवारीच्या पानावर वाचता येते, आणि पुढील काही अहवालांत ते बंद असल्याचा उल्लेखही येतो. थॉमस ग्लाइक्स्नर यांनी २००८ साली आणलेले वस्तूंच्या आयुष्यक्रमाचे परीक्षण करणारे उपकरण, स्मृती अपुरी पडून थांबले, तर तसे स्पष्ट लिहून थांबते. हे सर्वांत प्रामाणिक मौन होय. तेच उपकरण एरवी पाच इशाऱ्यांनंतर न सांगता गप्प बसते, हे मात्र त्याच्या प्रामाणिकपणाशी विसंगत आहे. ‘वॉर्न ऑन वन्स’ने एकदा तोंड उघडले, की कर्नेलवर ‘इशारा झालेला’ असा कायमचा डाग राहतो. परंतु किती इशारे गिळले गेले हे त्यावरून कळत नाही. २०१७ साली आंडी क्लीन यांच्या प्रयत्नाने ‘एकदाच’च्या सर्व खुणा यंत्र चालू असतानाच पुसून टाकण्याची सोय झाली, ‘आलो’ म्हणणाऱ्यास पुन्हा हाक मारण्याची ही मुभा होय. ‘प्रिंट-के’ची जुनी ओळ ओबडधोबड होती, तरी ती आपल्या मौनाची कबुली देत होती. नव्या व्यवस्थेत मर्यादेपलीकडचा मजकूर नोंदलाच जात नाही. ती सर्व बाजूंनी सरस असली, तरी एवढ्या एका बाबतीत जुनीस मागे टाकते असे म्हणवत नाही.

शेवटी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ‘चांगदेव पासष्टी’ आणि कर्नेलचे लेखन यांची दिशा एक नाही. ‘पासष्टी’त द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मावळावी असा प्रयत्न आहे, दोषशोधक लेखनाचा सारा खटाटोप ती टिकावी म्हणून आहे. तेथे मीठ विरघळणे ही सिद्धी, येथे ती आपत्ती. असे असूनही पाहणारा आणि पाहिलेले एकाच द्रव्याचे असताना पाहणे कसे संभवते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना दोन्हीकडे मौनाला स्थान द्यावे लागले आहे. फरक इतकाच की, संताचे मौन वाचणारा त्याच्याइतकाच अधिकारी असू शकतो. यंत्राचे मौन वाचणारा बहुधा अपरात्री जागणारा, थकलेला, सामान्य मनुष्य असतो. त्याच्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात एवढे तरी लिहून ठेवावे : येथे काही होते, ते सांगता आले नाही.